आगीच्या जवळपास उडताना रेडिओवर काय लावायचं: नोटॅम उघडण्यापासून शेवटच्या कॉलपर्यंत

इकडे कॅलिफोर्नियात उन्हाळा लागला की माझ्याकडे एकच प्रश्न परत परत येतो, "सर, आगीजवळून जायचंय, कुठली फ्रिक्वेन्सी लावू?" विचारणारे बहुतेक आपल्याकडून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) करायला आलेले विद्यार्थी असतात, पुण्याचे, नाशिकचे, नागपूरचे, हुशार पोरं, पण प्रश्नच चुकीच्या टोकाने सुरू होतो. फ्रिक्वेन्सी शेवटी येते. आधी तिथे जायचं का हे ठरतं, मग कोणाच्या हद्दीत आहोत ते कळतं, मग ऐकायचं, आणि बोलायचं झालंच तर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की मग कोणीतरी पाठ केलेला आकडा लावून आगीच्या अंगावर जातं, आणि वरच्या टँकर विमानाला पाणी न टाकता परत फिरावं लागतं, खाली घरं जळत असताना.

हे सगळं अमेरिकेतलं आहे, छोटी विमानं, व्हीएफआर (बाहेर डोळ्यांनी बघत उडणं), आणि मुख्यतः जंगलातल्या आगी. पूर किंवा वादळानंतरच्या मदतकार्यालाही बरंचसं लागू पडतं, पण आगीचं उदाहरण घेतलं की सगळं नीट समजतं म्हणून तेच धरतोय.

टप्पा १: घरी बसून नोटॅम पूर्ण वाचा, नकाशावरचा लाल गोल नाही

टॅब्लेटवर लाल गोल, म्हणजे टीएफआर (काही काळापुरती विमानांवर निर्बंध असलेली हद्द), दिसला, आपण त्याला वळसा घालून रेघ ओढली, झालं, असं नव्वद टक्के लोक करतात. गोलावर बोट ठेवून आतला मजकूर, म्हणजे नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना), उघडतच नाहीत, आणि आपल्याला हवं ते सगळं त्या मजकुरात असतं.

एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) टीएफआर साइटवर जा, किंवा फ्लाइट सर्व्हिसला फोन करून ब्रीफिंग घ्या आणि सरळ विचारा, "माझ्या रूटवर आणि दोन्ही बाजूंना पंचवीस मैलांत फायर टीएफआर आहेत का?" फोन मला जास्त आवडतो, कारण समोरचा माणूस कधीकधी अशी गोष्ट सांगतो जी तुम्ही विचारलेलीच नसते, आणि ब्रीफिंग घेतल्याची नोंदही राहते.

मजकुरातून पाच गोष्टी कागदावर उतरवा:

१. कलम कुठलं. आगीचा टीएफआर बहुतेक वेळा उड्डाण नियमांतल्या कलम ९१.१३७ च्या ए-२ खाली असतो. ए-१ असेल तर आत फक्त घटनास्थळाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करणारी विमानं, बाकी कोणी नाही. ए-२ मध्ये काही सवलती आहेत, त्या टप्पा ६ मध्ये सांगतो. ए-३ म्हणजे बघ्यांची गर्दी होईल अशी घटना.

२. आकार. पाच नॉटिकल मैलांचा गोल बऱ्याचदा दिसतो, पण मोठी आग डोंगराच्या धारेने पसरत जाते आणि तिचा टीएफआर वेडावाकडा बहुभुज असतो. कोपरे अक्षांश-रेखांशात दिलेले असतात, ते नकाशावर टाकून बघा.

३. उंची. जमिनीपासून अमुक फुटांपर्यंत, आणि तो आकडा जवळपास नेहमी समुद्रसपाटीपासूनचा असतो. ८,००० फूट वाचून तुम्हाला वाटेल बक्कळ उंच आहे, पण खालचा डोंगरच ६,००० फुटांचा असतो.

४. वेळ. सगळी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत). आपल्या मुलांची इथे हमखास गडबड होते, कारण डोक्यात तीन घड्याळं चालू असतात. शिकण्यासाठी एक बनवलेलं उदाहरण घ्या: नोटॅममध्ये २५०७१२१५३० ते २५०७१३०४०० लिहिलंय. म्हणजे २०२५ चा जुलै, १२ तारीख, १५:३० यूटीसी ते १३ तारखेचे ०४:०० यूटीसी. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात यूटीसीमधून सात तास वजा, म्हणजे १२ तारखेला सकाळी साडेआठ ते त्याच रात्री नऊ. तेरा तारीख वाचून "उद्या पहाटे संपतोय" असं समजू नका, आणि घरी फोन लावायच्या सवयीने साडेपाच तास तर अजिबात मिळवू नका. थंडीत सातच्या जागी आठ तास वजा.

५. घटनास्थळाचा संपर्क. "अमुक संस्था, दूरध्वनी इतका किंवा फ्रिक्वेन्सी इतकी, मदतकार्याची प्रमुख आहे" अशा धर्तीचं वाक्य असतं आणि त्याच्या पुढेमागे समन्वय करणाऱ्या एफएए केंद्राचं नाव असतं. तुम्ही मला विचारता ती फ्रिक्वेन्सी बहुतेक वेळा इथेच लिहिलेली असते, त्या आगीपुरती, त्या दिवसापुरती. कालच्या आगीची आज चालत नाही.

चेक: पाचही गोष्टी तुमच्या हस्ताक्षरात कागदावर आहेत का? स्क्रीनशॉट चालणार नाही. हाताने लिहिताना आकडा एकदा डोक्यातून जातो.

इशारा: विमानात एडीएस-बीवरून (जमिनीवरून माहिती पाठवणाऱ्या रेडिओ यंत्रणेवरून) येणारे टीएफआर उशिरा येऊ शकतात, कधी आकाराशिवाय नुसता मजकूर येतो, कधी येतच नाहीत. ते सोबतीला ठेवा, त्यांच्या भरवशावर निघू नका. निघण्याच्या अगदी आधी परत एकदा बघा, कारण कोरड्या वाऱ्याच्या दिवशी तासाभरात नवीन टीएफआर येतो.

टप्पा २: कुठला आकडा कशाचा हे आधी समजून घ्या

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत.

आग विझवणारी विमानं दोन वेगळ्या प्रकारच्या रेडिओवर बोलतात. विमान ते विमान बहुतेक व्हीएचएफ एएमवर, म्हणजे आपल्याच ११८ ते १३६.९७५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि जमिनीवरच्या जवानांशी व्हीएचएफ एफएमवर, १५० ते १७४ च्या आसपास. तुमच्या सेसनातला रेडिओ एफएमवर बोलूच शकत नाही. तरी लोक इंटरनेटवरून १६८.६२५ हा आकडा शोधून काढतात आणि मला विचारतात सर हा लागत का नाही. तो एअर गार्ड आहे, अग्निशमनातल्या विमानांची आणि डिस्पॅचची एफएमवरची आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. १६८.६५० ही त्यांची नॅशनल फ्लाइट फॉलोइंग, म्हणजे विमान कुठे आहे ते डिस्पॅचला कळवत राहायची. दोन्ही त्यांच्या घरातल्या. स्कॅनरवर ऐकायचं असेल तर ऐका, पण हँडहेल्ड आणून त्यावर बोलायचा विचारही करू नका.

आता आपल्या पट्ट्यातले आकडे.

१२१.५, गार्ड. आणीबाणीची. अमेरिकेत ज्याच्या विमानात शक्य आहे त्याने ती ऐकत राहायचं अशी नोटॅममधून सूचना आहे. तुम्ही चुकून टीएफआरकडे जात असाल आणि कोणाशीच बोलत नसाल तर तुम्हाला हाक मारायला एटीसीकडे (हवाई वाहतूक नियंत्रणाकडे) बहुतेक हीच जागा उरते.

१२३.१, शोध आणि बचाव. हरवलेलं विमान किंवा माणूस शोधताना घटनास्थळी वापरतात. आंतरराष्ट्रीय आहे, त्यामुळे भारतातही अर्थ तोच.

१२२.९२५, जंगल, वन्यजीव आणि पर्यावरणाच्या कामांतल्या उड्डाणांसाठीची मल्टिकॉम (अनेकांनी मिळून वापरायची फ्रिक्वेन्सी). ही "आगीची फ्रिक्वेन्सी" म्हणून सगळ्यांनी पाठ केलीय आणि खरी गडबड इथूनच सुरू होते. मोठ्या आगीवर त्या घटनेला वेगळ्या फ्रिक्वेन्सी दिलेल्या असतात. नोटॅममध्ये १२२.९२५ लिहिलं असेल तर ती, नाहीतर नाही.

१२३.०२५, हेलिकॉप्टर ते हेलिकॉप्टर. रस्त्यावरच्या अपघाताला उतरणारं मेडिकल हेलिकॉप्टर किंवा बातम्यांची हेलिकॉप्टरं इथे ऐकू येऊ शकतात.

१२२.७५, खासगी विमानांची आपसांत बोलायची. आणि १२३.४५ वर गप्पा मारायची सवय असेल तर अमेरिकेच्या जमिनीवर ती सोडा, तो आकडा गप्पांसाठी दिलेला नाही.

इशारा: १२२.९ आणि १२२.९२५ या दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी आहेत. पहिलीवर युनिकॉम (विमानतळावरचं माहिती देणारं रेडिओ केंद्र) नसलेल्या छोट्या धावपट्ट्यांवरची विमानं बोलतात. जुन्या रेडिओंच्या पडद्यावर दशांशानंतर दोनच आकडे मावतात, त्यामुळे १२२.९२५ तिथे नुसतं १२२.९२ दिसतं, आणि विद्यार्थी गोंधळून नॉब मागे फिरवून १२२.९० वर आणतो. माझ्या शेजारी बसून एकाने हे केलं होतं, सात-आठ मिनिटं आम्ही शांतता ऐकत बसलो आणि आगीवर कोणी नाही असं त्याने ठरवूनही टाकलं होतं, मी पण लगेच बघितलं नाही ही माझी चूक. पडद्यावर शेवटी २ किंवा ७ दिसला तर त्याच्यापुढे न दिसणारा ५ आहे असं समजा. १२३.०, १२३.०२५ आणि १२३.०५ चंही तसंच.

टप्पा ३: इंजिन सुरू करायच्या आधी रेडिओ लावून ठेवा

हवेत, धुरात, उन्हात नॉब फिरवत बसायचं नाही.

दोन रेडिओ असतील तर: कॉम एकवर एटीसी, कॉम दोनवर नोटॅममधली घटनास्थळाची फ्रिक्वेन्सी, कॉम दोनच्या स्टँडबायला १२१.५. बरेच नवे रेडिओ स्टँडबायची फ्रिक्वेन्सीही ऐकवतात, मॉनिटर नावाचं बटण असतं, ते जमिनीवर दाबून बघा, त्याने दोन्ही आवाज मिसळतात की मुख्य फ्रिक्वेन्सीवर कोणी बोललं की दुसरी दबते ते रेडिओगणिक वेगळं असतं.

एकच रेडिओ असेल तर एटीसीला सोडून जाऊ नका. "रिक्वेस्ट टू लीव्ह फ्रिक्वेन्सी फॉर टू मिनिट्स" असं विचारा, परवानगी मिळाली की जा, ऐका, परत या, आणि परत आलात हे सांगा.

मग ऑडिओ पॅनेल. ऐकायचं बटण आणि बोलायचं बटण वेगळं असतं. दोन्ही रेडिओ ऐकताय, पण माइक कुठे आहे? चुकीच्या माइकवर एटीसीसाठीचा लांबलचक कॉल थेट आगीच्या फ्रिक्वेन्सीवर जातो, आणि नेमकं त्याच क्षणी तिथे कोणीतरी ड्रॉपसाठी लाइनअप करत असू शकतं.

चेक: स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) उघडून दोन्ही रेडिओंची खरखर ऐकली का? माइक कॉम एकवर आहे का? पीटीटी (दाबून बोलायचं बटण) सोडल्यावर पडद्यावरची ट्रान्समिटची खूण जाते का? ती जात नसेल तर बटण अडकलंय, तसं उडायचं नाही. एक अडकलेला माइक अख्खी फ्रिक्वेन्सी बंद पाडतो.

याचं कारण माहीत असलेलं बरं. एएमवर दोघं एकाच वेळी बोलले की शिट्टीसारखा किंचाळता आवाज येतो आणि दोघांचंही ऐकू येत नाही. एफएमवर निदान जोरदार सिग्नल दुसऱ्याला दाबून पुढे येतो, एएमवर तीही सोय नाही. म्हणून आगीवर नको असलेला एक कॉल म्हणजे कोणाचा तरी हवा असलेला कॉल गेला.

टप्पा ४: एटीसीशी जोडून घ्या, पण त्यावर विसंबू नका

टेकऑफनंतर लगेच फ्लाइट फॉलोइंग (रडारवरून आपल्यावर नजर ठेवायची एटीसीची सेवा) मागा. विमान, जागा, उंची, कुठे जाताय, आणि शेवटी एक वाक्य जोडा: "विल रिमेन क्लिअर ऑफ द फायर टीएफआर." त्या एका वाक्याने कंट्रोलरला कळतं की तुम्ही नोटॅम वाचलाय, आणि टीएफआरची हद्द बदलली असेल तर तो बहुतेक सांगतो.

इशारा: फ्लाइट फॉलोइंग म्हणजे आत जायची परवानगी नाही. स्क्वॉक कोड (रडारवर ओळख पटवणारा चार आकडी क्रमांक) मिळाला, रडार कॉन्टॅक्ट म्हटलं, तरी टीएफआर टाळायची जबाबदारी तुमचीच. कंट्रोलर कामात असेल तर सांगायला वेळ मिळणार नाही, मध्येच सर्व्हिस बंदही करेल. "एटीसी काही बोलला नाही" हे कारण चौकशीत टिकत नाही.

डोंगरात अजून एक अडचण आहे. व्हीएचएफ सरळ रेषेत जातं. ढोबळ हिशोब असा: फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३, म्हणजे नॉटिकल मैलांत अंतर. १,००० फुटांवर साधारण ३९ मैल, ५,००० वर ८७. पण हे सपाट जमिनीवरचं. सिएरा नेवाडाच्या दरीत शिरलात तर दहा मैलांवरचं केंद्रही ऐकू येणार नाही. तेव्हा एटीसीचा आवाज फाटायला लागला तर आहात तिथूनच वळा किंवा वर जा, पुढे जाऊन बघू असं नको.

टप्पा ५: लांबूनच ऐका

आगीवर काम करणारी विमानं फायर ट्रॅफिक एरिया नावाची पद्धत पाळतात. आगीच्या केंद्रापासून बारा नॉटिकल मैलांवर पहिला कॉल. उत्तर मिळेपर्यंत सात मैलांच्या आत यायचं नाही, तिथेच बाहेर होल्ड. आणि आतली पाच मैलं म्हणजे कामाची जागा, जिचा बऱ्याचदा टीएफआर होतो. हे नियम त्यांच्यासाठी आहेत, पण जे लोक रोज हे काम करतात तेही उत्तराशिवाय सात मैलांत शिरत नाहीत हे लक्षात घ्या, मग आपण कोण.

माझा स्वतःचा आकडा असा: टीएफआरच्या कडेपासून दहा मैल आडवं अंतर. कोणी म्हणेल फार झालं, कायद्याने कडेला खेटूनही जाता येतं. येतं. पण कडेच्या बाहेरच टँकर उतरत असतात, हेलिकॉप्टरं तलावातून पाणी भरून परत येत असतात, आणि जवळचा तलाव टीएफआरच्या बाहेरही असू शकतो. टीएफआरच्या छतावरून पाचशे फूट वर जाणं तर मला अजिबात पसंत नाही, कारण आत येणारं जड विमान वरूनच खाली येतं. डीसी-१० टँकर ९,४०० गॅलन रिटार्डंट (आग रोखणारं रसायन) घेऊन येतो, त्याच्या वेक टर्ब्युलन्समध्ये (मागे उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांत) सेसना १७२ चं काय होईल ते सांगायला नको.

ऐकताना कान कशावर ठेवायचा? "एअर अटॅक" ही हाक. आगीवर घिरट्या घालणारं, सगळ्या विमानांना जागा आणि उंची वाटून देणारं विमान म्हणजे एअर अटॅक. "लीड" म्हणजे टँकरच्या पुढे जाऊन रस्ता दाखवणारं. "हेलको" हेलिकॉप्टरं सांभाळतो. दोन-तीन मिनिटं ऐकलं की चित्र तयार होतं: किती विमानं आहेत, कुठल्या बाजूने येतायत, आगीचं नाव काय आहे. आगीचं नाव लिहून घ्या, कारण एकाच दरीत दोन आगी असू शकतात.

चेक: दोन मिनिटांत काहीच ऐकू आलं नाही? आधी आकडा नोटॅमशी परत जुळवा, आवाज वाढवा, स्क्वेल्च उघडा. तरी शांत असेल तर आगीवर कोणी नाही असा निष्कर्ष काढू नका. तुम्ही डोंगराआड असाल, किंवा ते दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गेले असतील. शांतता म्हणजे परवानगी नव्हे.

टप्पा ६: बोलायचं कधी, आणि कसं

बहुतेक उड्डाणांत हा टप्पा येतच नाही, येऊ देऊ नका. दहा मैल लांबून जाणाऱ्याने आगीच्या फ्रिक्वेन्सीवर "मी इथून जातोय" असं सांगायची काही गरज नाही, तुम्ही सभ्यपणे सांगताय हे मान्य, पण ती जागा त्यांच्या कामाची आहे.

गरज खरंच पडते ती अशा वेळी: तुमचं विमानतळ ए-२ टीएफआरच्या आत आहे आणि तुम्हाला थेट तिथे उतरायचंय किंवा तिथून निघायचंय, किंवा हवामान वा डोंगरामुळे वरून-बाजूने व्हीएफआर जाणं शक्यच नाही. नियम याला परवानगी देतो, पण अटी आहेत. नोटॅममध्ये दिलेल्या फ्लाइट सर्व्हिस किंवा एटीसी केंद्राला आधी कळवून मदतकार्याच्या विमानांची माहिती घ्यायची, कामात अडथळा आणायचा नाही, आणि आग बघायला जायचं नाही. कळवणं ही अट आहे, सौजन्य नाही. शक्य असेल तर हे काम जमिनीवरून फोनने उरका, त्यांनाही विचार करायला वेळ मिळतो. आयएफआरवाल्यांचा (उपकरणांच्या आधारे उडणाऱ्यांचा) मार्ग वेगळा, ते एटीसीच्या मंजुरीने चालतात.

मग घटनास्थळाशी बोलायचं ठरलं असेल तर क्रम हा:

१. बारा मैलांच्या बाहेर राहा, सरळ आगीकडे नाक करून येऊ नका.

२. कोणाचं बोलणं चालू असेल तर संपू द्या. प्रश्न विचारला गेला असेल तर उत्तरही येऊ द्या. मध्ये पडलेल्या दोन सेकंदांत घुसू नका.

३. चार गोष्टी, एका दमात: कोणाला हाक, तुम्ही कोण, कुठे, काय हवंय. नमुना: "एअर अटॅक, सेसना फाइव्ह फोर थ्री टू वन, फिफ्टीन माइल्स साउथवेस्ट ऑफ द एअरपोर्ट, सिक्स थाउजंड फाइव्ह हंड्रेड, रिक्वेस्ट ट्रान्झिशन टू लँड." जागा विमानतळ किंवा व्हीओआरपासून (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्रापासून) सांगा. "आगीच्या दक्षिणेला" म्हणू नका, आग दहा-दहा मैल पसरलेली असते आणि तिची दक्षिण तुम्हाला एक दिसते, त्यांना दुसरी.

४. उत्तर आलं की आकडे परत म्हणून दाखवा: उंची, दिशा, अल्टिमीटर सेटिंग. तुमचं अल्टिमीटर त्यांच्यापेक्षा वेगळं सेट असेल तर त्यांनी दिलेली उंची तुमच्यासाठी खोटी ठरते.

५. "रिमेन क्लिअर" म्हटलं तर रीडबॅक करा आणि वळा. कारण विचारू नका, वाद नको.

६. "स्टँडबाय" म्हणजे हो नाही. आहात तिथेच बाहेर थांबा.

७. उत्तरच नाही आलं? एकदा परत हाक, मध्ये मिनिटभर जाऊ द्या. नाहीच आलं तर लांब जा, एटीसीकडे परत या, दुसरं विमानतळ निवडा. म्हणून निघतानाच पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन घ्या. इंधन कमी असलं की माणूस नसलेली परवानगीही ऐकतो.

इशारा: रेडिओ मेला तर ७६०० स्क्वॉक करा आणि टीएफआरपासून दूर जा. आत शिरून पंख हलवून दाखवायची ही जागा नाही. इंजिन बंद पडल्यासारखी खरी आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा ७७००, ज्याच्याशी बोलताय त्यालाच मेडे, कोणीच नसेल तर १२१.५.

टप्पा ७: टँकर जिथून उडतात ती विमानतळं

हे कोणी शिकवत नाही. टीएफआर तीस मैल लांब असतो आणि तुम्ही आरामात टच-अँड-गो (उतरून लगेच परत उडायचा सराव) करताय, पण ते विमानतळच टँकरचा तळ असतं. कॅलिफोर्नियात हेमेट-रायन, पोर्टरविल, कोलंबिया या ठिकाणी कंट्रोल टॉवर नाही, सगळं सीटीएएफवर (टॉवर नसलेल्या विमानतळावर सगळ्यांनी बोलायच्या फ्रिक्वेन्सीवर), आणि आगीचे तळ तिथेच आहेत.

दहा मैलांवरूनच सीटीएएफ ऐकायला सुरुवात करा. "टँकर" किंवा "एअर अटॅक" असा कॉलसाइन ऐकला की तुमचा सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) लांबवा, डाउनविंड (फेरीतली धावपट्टीला समांतर बाजू) वाढवा, आणि एका ओळीत सांगा की तुम्ही त्यांना जागा देताय. ते भरलेल्या वजनाने निघतात, वाऱ्याची परवानगी असेल तर तुमच्या उलट्या रनवेवरूनही निघू शकतात. होल्ड शॉर्टला (धावपट्टीच्या अलीकडे) उभे असाल तर त्यांना पुढे जाऊ द्या. त्यांच्या मागे लगेच टेकऑफ नको, वेक बसू द्या.

टप्पा ८: धूर दिसतोय आणि नोटॅम नाही

आग आधी लागते, टीएफआर नंतर येतो. मधल्या वेळेत पहिली विमानं पोचलेलीही असतात. त्यामुळे ताजा धूर दिसला की टीएफआर आहेच असं समजून लांब राहा. एटीसीला सांगा: जागा, धुराचा रंग, कुठल्या दिशेला जातोय. जवळ जाऊन फोटो काढून मग सांगू असं नको. दृश्यता घटायला लागली तर लगेच मागे वळा, धुरात तीन मैलांचं दिसणं एकदम एका मैलावर येतं आणि खालचा डोंगर गायब होतो.

१२१.५ वर सायरनसारखा खाली-खाली घसरणारा सूर ऐकू आला तर तो ईएलटी (विमान कोसळल्यावर आपोआप हाक देणारं यंत्र) असू शकतो. तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत दोन-तीन वेळा वाजून थांबला तर कोणीतरी टेस्ट करतंय, त्याला तेवढीच मुभा आहे. त्यापलीकडे चालू राहिला तर घड्याळ बघा आणि एटीसीला कळवा: पहिल्यांदा कुठे ऐकला, सगळ्यात जोरात कुठे होता, कुठे संपला, तुमची उंची किती. उपग्रहांनी १२१.५ ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलंय, आता ते फक्त ४०६ मेगाहर्ट्झ ऐकतात, त्यामुळे जुन्या ईएलटीची हाक तुमच्यासारख्या वरून जाणाऱ्याशिवाय कोणाला कळेलच असं नाही. हे काम मनापासून करा.

ड्रोनवाल्यांसाठी एवढंच

टीएफआर तुम्हालाही लागू आहे, आणि तुमच्याशी बोलायला कुठलीच फ्रिक्वेन्सी नाही, एअर अटॅक तुम्हाला "बाजूला व्हा" सांगू शकत नाही. त्याच्या हातात एकच उपाय, सगळी विमानं खाली उतरवायची. ९ जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आगीवर काम करणाऱ्या, क्युबेकहून मदतीला आलेल्या सीएल-४१५ विमानाला ड्रोन धडकलं, पंखाला भोक पडलं आणि ऐन आगीत ते विमान दुरुस्तीला गेलं. आगीच्या कामात अडथळा आणणं हा फेडरल गुन्हा आहे, बारा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय एफएएचा दंड ७५,००० डॉलरपर्यंत.

भारतात परत गेल्यावर

१२१.५ आणि १२३.१ सोबत न्या. १२२.९२५, १२३.०२५, १२२.७५ हे अमेरिकेतलं वाटप आहे, ते इथेच ठेवून जा. गोंदियाला, बारामतीला किंवा कुठेही रुजू झालात तरी तिथल्यासाठी एआयपी इंडिया (भारताची अधिकृत उड्डाण माहिती-पुस्तिका) आणि त्या दिवसाचे नोटॅम उघडा.

चुकून आत शिरलातच तर

सगळ्यात जवळच्या कडेने, उंची फार न बदलता बाहेर पडा, आणि एटीसीशी बोलत असाल तर लपवू नका, सांगा. गार्डवर तुमच्या जागेचं वर्णन करून हाक येत असेल तर ती दुसऱ्या कोणासाठी असेल असं समजू नका, उत्तर द्या. उतरल्यावर एटीसीने फोन नंबर दिला असेल तर शांत डोक्याने आणि नम्रपणे फोन करा. त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, कधी कुठली फ्रिक्वेन्सी लावली होती, नोटॅम किती वाजता बघितला होता, कोण काय बोललं हे सगळं लिहून काढा, आणि नासाच्या एएसआरएसला (उड्डाणातल्या चुका-घटना स्वतःहून कळवायच्या योजनेला) रिपोर्ट भरा. त्याला दहा दिवसांची मुदत आहे. चूक मुद्दाम केलेली नसेल, अपघात किंवा गुन्हा नसेल आणि बाकीच्या अटी बसत असतील, तर उल्लंघन नोंदलं गेलं तरी लायसन्स निलंबित होण्यापासून वा दंडापासून त्याने वाचता येतं. रिपोर्ट भरल्याची पावती पोस्टाने येते, ती लॉगबुकात जपून ठेवा.